दिसण्याचा जिना, ऐकण्याची खोली

हार्टेनफेल्स राजवाड्याच्या चौकात आलेल्या माणसाला जिना दाखवावा लागत नाही. समोरच्या इमारतीच्या पुढं आलेला, दगडी जाळीच्या मनोऱ्यासारखा तो उभा असतो आणि नजर दुसरीकडं जाऊ देत नाही. चर्च मात्र शोधावं लागतं. चौकाच्या एका बाजूच्या इमारतीत, शेजारच्या दालनांच्या खिडक्यांच्याच रांगेत ते सामावलेलं आहे. त्याला स्वतःचा मनोरा नाही, घंटाघर नाही, की मागच्या बाजूनं बाहेर आलेली अर्धगोल भिंतही नाही. ओळख पटते ती फक्त दरवाज्यावरून. चौकटीभोवती दगडात कोरलेल्या वेली आहेत आणि त्या वेलींमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाची साधनं हातात घेतलेले छोटे देवदूत.

जिना आणि चर्च यांच्यात जेमतेम दहा वर्षांचं अंतर आहे. दोन्ही एकाच धन्यानं बांधून घेतली. त्या धन्याला जगानं काय पाहावं असं वाटत होतं, हे जिना सांगतो. देवापुढं माणसानं कसं बसावं असं त्याला वाटत होतं, हे चर्च सांगतं. या दोन गोष्टींचा मेळ बसला का, हा प्रश्न मनात ठेवून हा राजवाडा पाहिला तर तो फार गमतीचा वाटू लागतो.

टोरगाऊ हे जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातलं, एल्ब नदीकाठचं लहान गाव. नदीलगतच्या खडकावर जुनी गढी होती, तिच्या जागी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाडा वाढू लागला. सॅक्सनीवर वेट्टीन घराण्याची सत्ता होती. १४८५ मध्ये एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त या दोन भावांनी राज्याची वाटणी केली. थोरल्याच्या वाट्याला ‘इलेक्टर’ हे पद आलं, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात जणांतली एक जागा. विटेनबर्ग आणि टोरगाऊही त्याच्याच वाट्याला आले. भाऊबंदकीची ही रेघ पुढं चर्चच्या कहाणीतही आडवी येणार आहे.

या थोरल्या पातीत लागोपाठ तीन इलेक्टर झाले आणि कॅथलिक चर्चला आव्हान देणाऱ्या ल्यूथरची चळवळ जगली ती या तिघांच्या आश्रयानं. पहिला ‘शहाणा’ म्हणून ओळखला जाणारा फ्रीडरिख. त्याचा जन्म याच राजवाड्यात १४६३ चा. त्यानंतर त्याचा भाऊ योहान, आणि मग योहानचा मुलगा योहान फ्रीडरिख. तोही टोरगाऊतच जन्मला, १५०३ मध्ये. विद्यापीठ आणि ल्यूथर विटेनबर्गला, दरबार टोरगाऊला अशी विभागणी होती. दोन गावांत अंतर साधारण ५० किलोमीटरचं आणि दोन्ही एल्बच्याच काठची. १५३० मध्ये आउग्सबुर्गच्या राजसभेपुढं प्रोटेस्टंटांची बाजू मांडायची होती, तेव्हा त्याचा एक कच्चा मसुदा टोरगाऊच्या नावानंच ओळखला गेला. १५२३ मध्ये निम्ब्शेनच्या मठातून पळालेल्या ज्या जोगिणींना टोरगाऊच्या लेओनहार्ड कोपे या व्यापाऱ्यानं बाहेर काढलं, त्यांच्यात काथारीना फोन बोरा होती. तीच पुढं ल्यूथरची बायको झाली. १५५२ मध्ये ती वारली तीही टोरगाऊत. तिचं थडगं गावातल्या मरियेच्या चर्चमध्ये आहे.

योहान फ्रीडरिख १५३२ मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं कोनराड क्रेब्स या स्थपतीला कामाला लावलं. चौकाच्या पूर्वेला नवी इमारत आणि तिच्या दर्शनी बाजूला हा जिना. जर्मन लोक त्याला ‘थोरला वेंडेलश्टाइन’, म्हणजे थोरला गोल जिना, म्हणतात. १५३३ ते १५३६ या काळात तो उभा राहिला. नेहमीच्या गोल जिन्यात मध्यभागी एक दगडी खांब असतो आणि प्रत्येक पायरीचं आतलं टोक त्या खांबाला मिळतं. इथं तो खांबच नाही. खाली उभं राहून मान वर केली तर पायऱ्यांच्या मधल्या पोकळीतून थेट वरपर्यंत दिसतं. पायऱ्यांची बाहेरची टोकं मनोऱ्याच्या उभ्या खांबांत बसवली आहेत. आतली टोकं एकमेकांवर टेकत, वळत वळत वर जाणारी एक दगडी कड तयार करतात. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर थोडा भार टाकते आणि थोडा बाहेरच्या खांबाकडं ढकलते. म्हणजे जिनाच जिन्याला धरून ठेवतो. त्यासाठी प्रत्येक दगड खालून वळणदार, बाजूनं तिरपा आणि दोन्ही टोकांना वेगळ्या मापाचा घडवावा लागतो, आणि तो एकदा बसवला की मागाहून ठाकठीक करायला फारशी संधी नसते.

गवंडीकामाची ही करामत क्रेब्सनं हवेतून आणलेली नव्हती. सॅक्सनीतच माइसेन गावी आर्नोल्ड फोन वेस्टफालेन यानं १४७१ पासून बांधलेल्या राजवाड्यात वेंडेलश्टाइनचा मोठा नमुना होता. तो राजवाडा वाटणीनंतर धाकट्या पातीकडं गेला. चुलत्याकडं असा जिना आणि आपल्याकडं नाही, ही सल टोरगाऊच्या जिन्यामागं असावी असं मला वाटतं. फ्रान्समध्ये ब्ल्वाच्या राजवाड्यात पहिल्या फ्रान्स्वानं १५१५ नंतर बांधलेला उघडा जिनाही या काळातलाच आहे, पण त्याला मध्ये खांब आहे.

टोरगाऊचा जिना बाहेरून झाकलेला नाही. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागांतून चढणारा माणूस चौकातल्यांना दिसत राहतो, आणि चढणाऱ्याला चौक. आधी दोन बाजूंनी सरळ पायऱ्या चढून एका ओट्यावर यायचं, तिथून गोल जिना सुरू होतो आणि वरच्या समारंभाच्या दालनापर्यंत जातो. परकी वकिलात आली, सरदार आले, नवरानवरी आली की हा सगळा प्रवास चौकात उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत होई. कठड्यांवर घराण्याची मानचिन्हं कोरलेली आहेत. कोण चढतोय आणि कोणाच्या घरी चढतोय, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये अशी सगळी तजवीज.

क्रेब्स १५४० मध्ये वारला. त्याच्या जागी निकेल ग्रोमान आला. चौकाची उरलेली बाजू बांधणं हे त्याचं काम. त्या बाजूवरचा कोरीव नक्षीचा सज्जा पर्यटकांच्या छायाचित्रांत नेहमी असतो, त्याबद्दल इथं अधिक काही सांगत नाही. महत्त्वाची गोष्ट त्याच इमारतीच्या पोटात आहे. १५४३ आणि १५४४ या दोन वर्षांत ग्रोमाननं तिथं राजवाड्याचं चर्च बांधलं.

ल्यूथरनं पापमुक्तीच्या पत्रांविरुद्ध आपली मतं मांडली ती १५१७ मध्ये. म्हणजे चळवळीला २७ वर्षं झाली होती, पण प्रोटेस्टंट उपासनेसाठी मुद्दाम आखलेली इमारत जवळपास कुठंच नव्हती. गरजच पडली नव्हती. गावं कॅथलिक पंथ सोडत होती तेव्हा चर्चही त्यांच्याबरोबर येत होती. कुठं बाजूच्या वेदी काढल्या, कुठं ठेवल्या, प्रवचनपीठ जरा पुढं आणलं, बाकं मांडली, भागलं. पण ती चर्च वेगळ्या कामासाठी घडलेली होती. आपल्याकडच्या देवळात गाभारा आणि सभामंडप असतो, तशीच त्यांची विभागणी होती. पूर्वेच्या टोकाला धर्मगुरूंची जागा, तिथं मुख्य वेदी, मध्ये अनेकदा जाळीचा किंवा दगडाचा आडोसा, आणि अलीकडं लोक. बाजूच्या भिंतींशी धनिकांनी आणि व्यवसायसंघांनी बसवलेल्या आणखी कितीतरी वेदी. त्यांच्यावर मेलेल्यांच्या नावानं पैसे घेऊन मिस्सा म्हटले जात. फ्रीडरिखनं विटेनबर्गच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये संतांचे सुमारे १९ हजार अवशेष जमवले होते. त्यांच्या दर्शनानं किती लाख वर्षांची शिक्षा माफ होते याचा हिशेबही मांडलेला होता. ल्यूथरला आश्रय देणारा हाच माणूस. इतिहासात अशी माणसं पदोपदी भेटतात.

तेव्हा ग्रोमानसमोरचा प्रश्न खरोखर नवा होता. संतांचे अवशेष नाहीत, मृतांसाठी मिस्सा नाहीत, धर्मगुरू हा वेगळ्या जातीचा माणूस नाही. मग खोली कशी असावी?

त्याचं उत्तर म्हणजे एक साधा लांबट चौकोन. गाभारा नाही. एका टोकाला वेदी आहे, पण ती वेगळ्या खोलीत नाही. खोलीच्या चारही बाजूंना एकावर एक असे दोन सज्जे फिरतात. इमारतीचा भार पेलणारे दगडी खांब बाहेर न काढता आत ओढून घेतले आहेत आणि सज्जे त्या खांबांच्या मध्ये बसवले आहेत. त्यामुळं बाहेरून भिंत सपाट राहते आणि चर्च राजवाड्यात विरघळून जातं. आत मात्र त्याच खांबांमुळं तीन मजली ओवऱ्या तयार होतात. थोड्या जागेत पुष्कळ माणसं बसतात आणि प्रत्येक जण बोलणाऱ्यापासून जवळ असतो. उंच, लांबट दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. मंत्रोच्चाराला ते शोभतं, तासभराच्या प्रवचनाला नाही. सज्ज्यांमुळं भिंतींचे मोठे सपाट भाग तुटतात, आणि सज्ज्यांत बसलेली माणसं, त्यांचे लोकरी कपडे आवाज शोषून घेतात. ग्रोमानकडं ध्वनिशास्त्राचे तक्ते नव्हते, पण ऐकू येतं की नाही हे कोणत्याही गवंड्याला उभं राहून कळतं.

प्रवचनपीठ टोकाला नाही. ते लांब भिंतीच्या मध्यावर, खाली बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर आहे. वेदीकडं तोंड करून बसलेल्यालाही मान वळवून तिकडं पाहावं लागतं. खोलीला त्यामुळं दोन केंद्रं मिळतात, प्रभुभोजनाचं एक आणि शब्दाचं एक, आणि त्यातलं शब्दाचं केंद्र बरोबर मधोमध. या पीठावर शिल्पकार झिमोन श्र्योटर यानं तीन प्रसंग कोरले आहेत. बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांशी बोलतोय. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीला तो सोडून देतोय. आणि मंदिरातल्या सराफांना तो हाकलून लावतोय. ल्यूथरपंथाच्या तीन आधारांशी, म्हणजे शास्त्र, कृपा आणि श्रद्धा यांच्याशी, या तिन्ही प्रसंगांची सांगड घातली जाते. पण तिसऱ्या प्रसंगातला टोला त्या काळी कोणालाही समजावून सांगावा लागला नसेल. देवाच्या घरात पैशांचा व्यापार करणाऱ्यांवर आसूड उगारलेला येशू, आणि ज्या चळवळीचा आरंभच पापमुक्तीच्या विक्रीला विरोध करण्यातून झाला तिचं हे चर्च.

वेदीचा घाट पाहण्यासारखा आहे. चार देवदूतांनी खांद्यांवर तोललेलं ते एक दगडी टेबल आहे. जुन्या वेदीत संताची अस्थी ठेवायला जागा असे, इथं ती नाही. वेदीमागं भिंत नसल्यानं उपासना चालवणारा तिच्या पलीकडं उभा राहून लोकांकडं तोंड करू शकतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्तानं तसंच केलं असणार, म्हणून तसंच व्हावं, असं ल्यूथरनं १५२६ मध्येच लिहून ठेवलं होतं. मात्र घाई नको, जुन्या वेदी झिजेपर्यंत राहू द्याव्यात, असाही त्याचा कल होता. नवी वेदी बनवायची वेळ आली तेव्हा ते जमलं.

छताकडं पाहिलं की मात्र गंमत वाटते. वर जाळीदार गॉथिक कमानी आहेत, जुन्या वळणाच्या. नवा विचार आला म्हणून कारागिरांचे हात एका रात्रीत बदलत नाहीत. ग्रोमानच्या गवंड्यांना कमानी घालता येत होत्या त्या आजोबा-पणजोबांच्या पद्धतीनं, आणि त्यात कोणाला काही खटकलंही नाही. कोणती जागा कोणाला आणि कोणाचं तोंड कुठं, हे बदललं होतं.

५ ऑक्टोबर १५४४ या दिवशी चर्चचं समर्पण झालं. त्यासाठी बिशप नव्हता, पवित्र तेल नव्हतं, भिंतींवर तीर्थ शिंपडणं नव्हतं. साठी गाठलेला, आजारांनी गांजलेला ल्यूथर पीठावर चढला आणि त्यानं प्रवचन केलं. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा, की या घरात एकच गोष्ट घडावी. प्रभूनं आपल्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेतून, स्तुतिगीतांतून त्याला उत्तर द्यावं. धूपपात्र आणि तीर्थ शिंपडायची कुंचली सगळ्यांनीच हाती घ्यावी असंही तो म्हणाला. अर्थात ती खरी नव्हेत, वचन आणि प्रार्थना हीच ती साधनं. छपराखाली जमलं नाही तर उघड्या आकाशाखाली प्रवचन करावं, त्यानं काही बिघडत नाही, हा मुद्दाही त्यानं मांडला. नव्याकोऱ्या इमारतीच्या समर्पणाला इमारत गरजेची नाही असं सांगणं, हे धारिष्ट्य त्याचंच.

समर्पणासाठी टोरगाऊचा कँटर, म्हणजे चर्चचा गायनप्रमुख, योहान वाल्टर यानं सात आवाजांची रचना केली होती. ल्यूथरपंथाचं पहिलं समूहगायनाचं पुस्तक १५२४ मध्ये याच वाल्टरनं काढलं होतं. सात आवाजांतले काही लॅटिनमधलं ११९ वं स्तोत्र गात, आणि त्याच वेळी वेगळ्या आवाजांत इलेक्टर योहान फ्रीडरिख, ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांख्टोन यांचा जयजयकार चाले. ज्या खोलीत फक्त प्रभूनं बोलावं असं ठरलं, तिथं पहिल्याच दिवशी यजमानाचं नाव स्तोत्रात गुंफलेलं होतं.

इथं चर्च पुन्हा जिन्याकडं वळतं. त्या रविवारचा नेमलेला पाठ लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातला होता. त्याच्या पूर्वार्धात येशू शब्बाथ दिवशी एका जलोदर झालेल्याला बरं करतो. उत्तरार्धात मेजवानीला गेलं तर मुख्य आसनावर जाऊन बसू नये, शेवटच्या जागी बसावं, असा उपदेश आहे. हे वाचलं गेलं ते सज्ज्यांच्या दोन मजल्यांखाली. वरच्या सज्ज्यांना राजवाड्याच्या दालनांतून थेट वाट होती, राजघराणं आणि दरबार वर, चाकरमाणसं खाली. धर्मगुरू आणि सामान्य माणूस यांच्यातली भिंत पाडली गेली, आणि राजा व प्रजा यांच्यातला मजला पक्का केला गेला. याला मी ढोंग म्हणणार नाही. बिशपांची सत्ता गेल्यावर चर्चचा कारभार कोणीतरी पाहायचा होता आणि ते काम राजांनी अंगावर घेतलं. मुलखाचा राजाच मुलखाच्या चर्चचा प्रमुख, ही जर्मन प्रोटेस्टंट रीत १९१८ मध्ये राजेशाही जाईपर्यंत टिकली. टोरगाऊच्या चर्चला स्वतःचा मनोरा नाही, ते राजवाड्याच्या भिंतीआड आहे, याचं बांधकामातलं कारण आत ओढलेले खांब असलं तरी राजकारणातलं कारण हे आहे.

हे जगातलं पहिलं प्रोटेस्टंट चर्च, असं टोरगाऊत सांगितलं जातं. १५४५ मध्ये फ्रायबर्गच्या हिल्गर ओतकारांनी ओतलेली, ल्यूथरची प्रतिमा असलेली ब्राँझची स्मृतिपाटीही आहे. डॅन्यूबकाठच्या नॉयबुर्गचे लोक यावर नकारार्थी मान हलवतात. तिथल्या ओटहाइनरिख राजानं आपल्या राजवाड्यातलं चर्च एप्रिल १५४३ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष आधी, ल्यूथरपंथी म्हणून वाहिलं आणि हान्स बोक्सबर्गरकडून त्याचं छत चित्रांनी भरून घेतलं. पण त्या चर्चचं बांधकाम सुरू झालं तेव्हा राजा कॅथलिक होता, पंथ बदलला तो नंतर. नव्या उपासनेतूनच आखलेली खोली पाहायची असेल तर टोरगाऊच पाहावं लागतं, असं माझं मत. तारखेचा मान हवा असेल तर तो नॉयबुर्गनं घ्यावा.

योहान फ्रीडरिखला हे चर्च फार काळ लाभलं नाही. चित्रकार क्रानाखनं १५४४ मध्ये रंगवलेलं शिकारीचं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मागं हार्टेनफेल्स दिसतो, पुढं सम्राट पाचवा चार्ल्स आणि इलेक्टर एकत्र हरणं मारताहेत. अशी शिकार झालीच नव्हती, ती मनातली मैत्री होती. ल्यूथर फेब्रुवारी १५४६ मध्ये वारला आणि त्याच वर्षी सम्राटानं प्रोटेस्टंट राजांवर युद्ध पुकारलं. २४ एप्रिल १५४७ रोजी टोरगाऊपासून जवळच, एल्बच्याच काठी, म्यूलबर्गला इलेक्टरचा पराभव झाला. गालावर वार झेलून तो कैद झाला. पद आणि मुलखाचा मोठा हिस्सा सम्राटाच्या बाजूनं लढलेल्या मोरित्सला मिळाला. मोरित्स हा वाटणीतल्या धाकट्या पातीचा, म्हणजे भाऊबंदच. आणि तोही प्रोटेस्टंट.

त्यानं काय करावं? ड्रेस्डेनला आपला राजवाडा वाढवताना त्यानं चर्च बांधायला घेतलं, ते टोरगाऊच्या धर्तीवर. राजकारणात ज्याला संपवलं त्याची खोली मात्र उचलली. सतराव्या शतकात त्याच चर्चमध्ये संगीतकार हाइनरिख श्युट्सचं संगीत कित्येक वर्षं वाजलं. १६२७ मध्ये एका राजकीय लग्नासाठी त्यानं ‘डाफ्ने’ हे संगीत नाटक सादर केलं ते हार्टेनफेल्समध्ये. जर्मन भाषेतला तो पहिला ऑपेरा मानतात, त्याचं संगीत हरवलं आहे.

टोरगाऊचा राजवाडा पुढं दुय्यम झाला. नेपोलियनच्या हुकमानं गावाला तटबंदी झाली, राजवाड्यात सैनिक राहिले, कैदी राहिले. एप्रिल १९४५ मध्ये पश्चिमेकडून आलेला अमेरिकन अधिकारी विल्यम रॉबर्टसन याच राजवाड्याच्या मनोऱ्यावर चढला. चादरीवर रंगवलेला झेंडा हलवून त्यानं पलीकडच्या रशियन सैनिकांना खूण केली. पडक्या पुलावरची ती भेट जगभर गाजली. आता तिथं जिल्ह्याची कचेरी आहे, संग्रहालय आहे, खंदकात जुन्या प्रथेप्रमाणं अस्वलं आहेत.

चर्चची वंशावळ मात्र वाढत गेली. श्टुटगार्टला ड्यूक क्रिस्टोफनं १५६० ते १५६२ मध्ये जुन्या राजवाड्यात चर्च बांधलं. तिथं वेदी अरुंद टोकाला न ठेवता लांब बाजूला ठेवली, म्हणजे खोली आडवी झाली आणि लोक आणखी जवळ आले. श्वेरिनला त्याच सुमारास दुसरं झालं. सगळ्यांत तर्कशुद्ध उत्तर निघालं थ्युरिंगियातल्या श्माल्काल्डेनच्या विल्हेल्म्सबुर्गमध्ये, १५९० मध्ये. टोरगाऊतली दोन केंद्रं तिथं एका उभ्या रेषेत आली. खाली वेदी, तिच्यावर प्रवचनपीठ, त्याच्यावर डानिएल मेयरनं घडवलेला लाकडी नळ्यांचा ऑर्गन. वेदीच्याच दगडात बाप्तिस्म्याचं पात्र. मान वळवायचं कारणच उरलं नाही, संस्कार, शब्द आणि संगीत सगळं एका नजरेत. हीच मांडणी पुढच्या दोन शतकांत मध्य जर्मनीतल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये पसरली, आणि तिथं राजा नव्हता म्हणून वरच्या सज्ज्यांत बहुधा गावची तरुण मुलं बसू लागली.